१२० रुपयांच्या वस्तूला ५५ रुपये पोस्टेज? छोट्या विक्रेत्यांनी पार्सलचा हिशोब कसा करायचा

इन्स्टाग्रामवर एखादी ताई हाताने रंगवलेले बुकमार्क विकत असते. चार बुकमार्कचा सेट १२० रुपयांना. फोटो सुंदर, कमेंटमध्ये कौतुक भरपूर. कुणीतरी मेसेज करतं, "ताई, नागपूरला पाठवाल का? एकूण किती होतील?" ताई पोस्टेज धरून सांगते, १७५. त्यानंतर समोरून फक्त "ओके, कळवते" येतं आणि पुढे काहीच येत नाही.

दुसरी बाजूही आहे. तीच ताई "फ्री शिपिंग" लिहून टाकते, ऑर्डरी येतात, रोज संध्याकाळी पोस्टात चकरा होतात आणि महिनाअखेरीस हिशोब केला की हातात काहीच राहिलेलं नसतं.

स्वस्त वस्तू ऑनलाइन विकणाऱ्या बहुतेकांची गाडी इथेच अडते. माल चांगला असतो, गिऱ्हाईक असतं, पण वस्तू पोचवण्याचा खर्च वस्तूच्या किमतीला गिळतो. मग प्रश्न पडतो की साधं टपाल पुरेल, स्पीड पोस्ट करावं की कुरिअर? ट्रॅकिंग लागतंच का? कॅश ऑन डिलिव्हरी द्यावी का? एकेक बघू.

मधली पायरी गेली, तिथून सुरुवात

आधी पोस्टात काय बदललं ते समजून घ्या, कारण जुन्या व्हिडिओंमधला सल्ला आता लागू पडत नाही.

पूर्वी छोट्या विक्रेत्यांचा आवडता पर्याय होता रजिस्टर्ड पोस्ट. २० ग्रॅमपर्यंतचं पाकीट जीएसटी धरून २५ रुपये ९६ पैशांत जायचं. नंबर मिळायचा, सही घेऊन डिलिव्हरी व्हायची. स्वस्तही आणि भरवशाचंही.

१ ऑक्टोबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा राहिलेली नाही, ती स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. स्पीड पोस्टचे दरही त्याच दिवशी बदलले. ५० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला त्याच शहरात १९ रुपये आणि बाहेरगावी, अंतर कितीही असो, ४७ रुपये. वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे बाहेरगावचं पाकीट साधारण ५५ रुपयांना पडतं, गावातल्या गावात साधारण २२ रुपयांना. फक्त त्याच व्यक्तीच्या हातात द्यायचं असेल किंवा ओटीपी विचारून द्यायचं असेल, तर प्रत्येक सेवेचे ५ रुपये आणि त्यावर जीएसटी वेगळा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. हे दर डॉक्युमेंट, म्हणजे कागदी टपालाच्या वर्गाचे आहेत. कानातले, खेळणी, साबण अशी वस्तू असेल तर ती पार्सल म्हणून धरली जाते आणि तिचा दर वेगळा लागतो. त्यामुळे गिऱ्हाइकाला आकडा सांगण्याआधी एकदा भरलेलं पाकीट काउंटरवर नेऊन नेमका दर विचारून घ्या.

थोडक्यात, आता एका टोकाला साधं टपाल आहे, २० ग्रॅमच्या पत्राला ५ रुपये आणि पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला आणखी ५. दुसऱ्या टोकाला पन्नाशीच्या पुढचं स्पीड पोस्ट. मधली पंचवीस रुपयांची पायरी गेली. म्हणूनच कुठलं निवडायचं हा प्रश्न आता जास्त टोचतो.

हरवलं तर नेमकं किती जातं?

बहुतेक जण पोस्टेज निवडताना स्वतःला विचारतात, "हरवलं तर?" आणि घाबरून महागडा पर्याय घेतात. प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच आहे. पूर्ण प्रश्न असा: हरवलं तर माझं किती जाईल, आणि ते टाळण्यासाठी मी दर पाकिटामागे किती मोजतोय?

बुकमार्कचंच उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुम्ही तुमचे घाला.

विक्री किंमत १२० रुपये. कागद, रंग, दोरा यांचा खर्च ३५. पाकीट आणि पुठ्ठा ८. पॅक केल्यावर वजन ४० ग्रॅम. साध्या टपालाने गेलं तर १० रुपये, स्पीड पोस्टने ५५. फरक ४५ रुपयांचा.

आता साध्या टपालाने पाठवलेलं एक पाकीट हरवलं. तुम्ही दुसरा सेट पाठवलात. खर्च किती आला? ३५ अधिक ८ अधिक १०, म्हणजे ५३ रुपये. खिशातून १२० गेले नाहीत, ५३ गेले. वस्तू तुम्ही बनवता, त्यामुळे तुमचं नुकसान विक्री किमतीएवढं नसतं, तुम्हाला पडलेल्या खर्चाएवढं असतं.

असे १०० सेट विकलेत तर सगळे स्पीड पोस्टने पाठवण्याचा जास्तीचा खर्च होतो ४,५०० रुपये. आणि सगळे साध्या टपालाने पाठवून त्यातले समजा १० हरवले, तर ते पुन्हा पाठवायचा खर्च होतो ५३० रुपये. तुमचे ४५ रुपये वसूल व्हायचे असतील तर शंभरातली ८५ पाकिटं हरवायला हवीत. साध्या टपालाला कितीही नावं ठेवली तरी एवढं वाईट काही होत नाही.

सूत्र अगदी सोपं आहे. महागड्या पर्यायाचा जास्तीचा खर्च घ्या आणि त्याला एक पाकीट हरवल्यावर होणाऱ्या नुकसानीने भागा. आपल्या उदाहरणात ४५ भागिले ५३, म्हणजे शंभरात ८५.

आता तेच सूत्र महाग वस्तूला लावा. वस्तू बनवायला ७०० रुपये लागत असतील, तर पाकीट आणि टपाल धरून नुकसान ७१८ रुपये. ४५ भागिले ७१८, म्हणजे शंभरात सहा-सात. इथे मात्र विचार करावा लागतो. वस्तू महाग होत जाते तसं ट्रॅकिंग परवडायला लागतं. स्वस्त वस्तूला नुसत्या हरवण्याच्या भीतीपोटी ट्रॅकिंग घेणं तोट्याचं आहे.

आणि एक गैरसमज काढून टाका. स्पीड पोस्ट केलं म्हणजे मालाचा विमा उतरला असं होत नाही. वस्तू हरवली किंवा फुटली तर भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यातली कमी असेल ती रक्कम, असा भरपाईचा नियम वर्षानुवर्षं चालत आलाय. पंचावन्न रुपयांच्या पाकिटावर ही रक्कम शंभराच्या आसपासच राहते. वस्तू ८०० रुपयांची असली तरी तेवढीच.

मग ट्रॅकिंग कशासाठी?

मग ट्रॅकिंग बिनकामाचं का? अजिबात नाही. पण ते वस्तू वाचवायला नसतं, विश्वास टिकवायला असतं.

गिऱ्हाइकाच्या बाजूने बघा. तिने कधीही न भेटलेल्या माणसाला यूपीआयवर आगाऊ पैसे पाठवलेत. समोर फक्त एक इन्स्टाग्राम पेज आहे. पाच दिवस झाले, सहा झाले. "ताई, पार्सल कधी येणार?" या प्रश्नामागे "मी फसले का?" हा प्रश्न दडलेला असतो. अशा वेळी टपालात उशीर झाला तरी ती तुम्हालाच खोटं समजते, आणि ते ती चार ग्रुपवर लिहू शकते. तेरा अक्षरांचा तो ट्रॅकिंग नंबर, आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी आय-एन, तिला झोप देतो.

म्हणून काही ठिकाणी वस्तू स्वस्त असली तरी ट्रॅकिंग घ्याच:

नाव घालून किंवा फोटोवरून बनवलेली वस्तू. सामान ४० रुपयांचं असेल, पण तीन तासांची मेहनत दुसऱ्यांदा करावी लागेल. नुकसानीत ती मेहनत धरा.

तारखेला बांधलेली वस्तू. राखी रक्षाबंधनाच्या दुसऱ्या दिवशी पोचली तर ती पोचली नाही असंच समजायचं. वाढदिवसाचं कार्डही तसंच.

वाद होण्याची शक्यता. पत्ता अर्धवट देणारं किंवा आधीच कुरबुर करणारं गिऱ्हाईक असेल तर पुरावा हाताशी हवा.

एकच नग. जुनं नाणं, जुनं पोस्टकार्ड, दुर्मिळ अंक. दुसरा पाठवायला तुमच्याकडे नसतोच.

बाकीच्या ठिकाणी सगळ्यात चांगला उपाय म्हणजे निवड गिऱ्हाइकावर सोपवा. किंमत सांगतानाच दोन आकडे द्या: "साध्या टपालाने १३०, ट्रॅकिंग नसेल, दोन आठवड्यांत मिळालं नाही तर मी दुसरं पाठवीन. स्पीड पोस्टने १७५, ट्रॅकिंग नंबर मिळेल." यात एकट्या १७५ या आकड्याला बघून पळणारी बरीच माणसं १३० ला थांबतात. आणि "मी दुसरं पाठवीन" हे वाक्य तुम्हाला फार महाग पडत नाही, ते आपण वर बघितलंच. फक्त दिलेला शब्द पाळा.

काही जण पाकीट मिळूनही मिळालं नाही म्हणतील का? एखादा म्हणेल. तो धक्का ५३ रुपयांचा आहे. त्याची वही ठेवा. एकाच पत्त्यावरून दुसऱ्यांदा तक्रार आली की तिथे पुढे फक्त स्पीड पोस्ट.

पुस्तकं विकत असाल तर हे वाचाच

जुनी पुस्तकं विकणाऱ्यांचा प्रश्न वेगळा, कारण पुस्तक जड असतं. डिसेंबर २०२४ मध्ये पुस्तकांसाठीची जुनी स्वस्त रजिस्टर्ड सेवा बंद झाली तेव्हा वाचक आणि प्रकाशक दोघेही वैतागले होते. त्यानंतर १ मे २०२५ पासून पोस्टाने 'ज्ञान पोस्ट' सुरू केलं.

त्याचे दर असे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५०० ग्रॅमपर्यंत २५, एक किलोपर्यंत ३५, दोन किलोपर्यंत ५० आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये. कर वेगळा. महत्त्वाचं म्हणजे याला ट्रॅकिंग आहे. टपाल जमिनीवरून, सगळ्यात स्वस्त मार्गाने जातं, त्यामुळे वेळ लागतो.

अटीही आहेत. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक स्वरूपाची छापील पुस्तकं चालतात. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव हवं. मासिकं, नियतकालिकं आणि जाहिरातींनी भरलेली व्यावसायिक छपाई चालत नाही. म्हणजे जुने दिवाळी अंक विकणाऱ्यांनी आधी पोस्टात विचारून घ्यावं, उगाच पुस्तक म्हणून पाठवू नये.

आणि वजन पॅक केल्यावर करा. ४८० ग्रॅमचं पुस्तक पुठ्ठ्यात गुंडाळलं की ५०० च्या वर जातं आणि २५ चे ३५ होतात. पुठ्ठा थोडा पातळ घेतला तर दहा रुपये वाचतात.

कुरिअर तुमचा खोका मोजतं

आता कानातले, साबण, मेणबत्त्या, छोटी खेळणी अशा वस्तूंकडे येऊ. हे पातळ पाकिटात जात नाही, खोका लागतो. आणि खोका म्हटलं की कुरिअरवाल्यांचं 'व्हॉल्युमेट्रिक वजन' येतं.

खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि सहसा ५,००० ने भागायचं. येणारा आकडा किलोमधलं वजन. खरं वजन आणि हे वजन यातलं जे जास्त, त्याचे पैसे लागतात.

समजा, तुमच्या कानातल्यांचं वजन ४० ग्रॅम आहे. घरात पडलेला २५ बाय २० बाय १० चा खोका वापरला. गुणाकार ५,०००, भागिले ५,०००, म्हणजे १ किलो. चाळीस ग्रॅमच्या कानातल्यांना किलोचं बिल. तीच वस्तू १२ बाय ८ बाय ४ च्या डबीत बसवली तर आकडा येतो ७७ ग्रॅमच्या आसपास. बरीच कुरिअर ५०० ग्रॅमच्या टप्प्याने पैसे घेतात, म्हणजे पहिल्या खोक्याला दोन टप्पे आणि दुसऱ्याला एकच. फुकटचा मोठा खोका सगळ्यात महाग पडतो तो असा.

या टप्प्यांचा फायदाही करून घेता येतो. कुरिअरचा पहिला टप्पा ५०० ग्रॅमचा असेल तर ४० ग्रॅमचा एक जोड पाठवा किंवा पाच, पैसे तेवढेच. कागदी वस्तूंना स्पीड पोस्टमध्येही तसंच. बाहेरगावच्या ५० ग्रॅमला ४७ रुपये आणि २०० किलोमीटरपर्यंत २५० ग्रॅमला ५९. वजन पाचपट, दर १२ रुपयांनी जास्त. म्हणून "फ्री शिपिंग" द्यायचंच असेल तर एका वस्तूवर देऊ नका, "तीन घेतल्यास पोस्टेज आमच्याकडून" असं करा. तीन सेटच्या नफ्यात एक पोस्टेज आरामात बसतं.

कॅश ऑन डिलिव्हरी: दहा पार्सलं आणि ५३ रुपये

"सीओडी आहे का?" हा प्रश्न रोज येतो. आपल्याकडे आगाऊ पैसे द्यायला लोक कचरतात, हे खरं आहे. पण स्वस्त वस्तूला सीओडी काय करते ते बघा. इथेही आकडे धरलेले आहेत.

वस्तू १९९ रुपयांना, घरपोच. वस्तूचा खर्च ५०, कुरिअर ६०, सीओडीचं शुल्क ३०. पार्सल स्वीकारलं गेलं तर हातात राहतात ५९ रुपये. पार्सल नाकारलं गेलं, "घरी कोणी नाही", "मी मागवलंच नव्हतं", तर जाण्याचे ६० आणि बहुतेक ठिकाणी परत येण्याचे ६०, म्हणजे १२० रुपये तुमच्या खिशातून.

दहा पार्सलं पाठवली. सात स्वीकारली गेली, ४१३ रुपये मिळाले. तीन परत आली, ३६० गेले. शिल्लक ५३ रुपये. दहा खोके पॅक करून, दहा पत्ते लिहून, दहा जणांशी बोलून. चौथं पार्सल परत आलं असतं तर घरातून पैसे घातले असते.

मधला मार्ग आहे. पोस्टेजपुरते पैसे आधी घ्या. ज्याने साठ रुपये भरलेत तो सहसा पार्सल नाकारत नाही. नाहीतर स्वस्त वस्तूंना सीओडी नाही असं स्पष्ट सांगा आणि त्याऐवजी जुन्या गिऱ्हाइकांचे अनुभव, पॅकिंगचे फोटो दाखवून विश्वास कमवा.

सगळ्यात स्वस्त उपाय: नीट पत्ता

पाकिटं गायब होतात त्यातली बरीचशी कुणी चोरत नाही, ती पत्त्यापायी भरकटतात. आपल्याकडे वडगाव किती आणि पिंपळगाव किती, मोजायला बसलो तर दिवस जाईल. त्यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिन कोड आला. त्याची कल्पना मांडणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे विद्वान. पहिला आकडा विभाग सांगतो, महाराष्ट्र आणि गोव्याचे पिन ४ ने सुरू होतात. शेवटचे तीन आकडे थेट पोस्ट ऑफिसपर्यंत नेतात.

म्हणून ऑर्डर घेताना "पत्ता पाठवा" एवढंच म्हणू नका. नाव, घर किंवा सोसायटी, जवळची खूण, गाव, तालुका, जिल्हा, पिन आणि फोन अशी यादी देऊन भरून मागा. पिन आणि गाव जुळतात का ते पाठवण्याआधी तपासा. मागच्या बाजूला तुमचा पत्ता लिहा, म्हणजे पाकीट न पोचताही परत येऊ शकतं.

साध्या टपालाने पाठवताना पाकीट काउंटरवर वजन करून तिकीट लावा. तिकीट कमी पडलं तर फरकाचा भुर्दंड घेणाऱ्याला पडू शकतो, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. पाकिटाचा पत्त्यासकट फोटो काढून त्याच गिऱ्हाइकाला पाठवा. पण तोच फोटो "आजच्या ऑर्डरी" म्हणून स्टोरीवर टाकू नका. तिचा पत्ता आणि नंबर हजारो लोकांना दाखवायचा हक्क आपल्याला नाही. टाकायचाच असेल तर झाकून टाका.

तर निवडायचं कसं?

कागदी, पातळ, दुसरी बनवता येईल अशी वस्तू: साधं टपाल, हरवल्यास दुसरी पाठवायचा शब्द, आणि हवं असेल त्याला स्पीड पोस्ट.

नाव घातलेली, तारखेची किंवा एकमेव वस्तू: ट्रॅकिंग असलेलीच सेवा, खर्च किमतीत आधीच धरून.

पुस्तक: ज्ञान पोस्टच्या अटीत बसत असेल तर आधी तेच.

खोक्यातली वस्तू: सगळ्यात लहान खोका, पोस्टाचं पार्सल आणि दोन कुरिअर यांचे दर एकदा विचारून, आणि दोन-तीन वस्तू एकत्र जातील अशी ऑफर.

आणि एक वही. तारीख, पत्ता, कशाने पाठवलं, पोचलं का. पन्नास पाकिटांनंतर तुमच्या गावातून कुठलं टपाल किती भरवशाचं आहे ते ती वही सांगेल. मग पुढचा दर ठरवताना "हरवलं तर?" या भीतीवर अवलंबून राहावं लागणार नाही. वहीतला आकडा बघायचा आणि "नागपूरला किती होतील?" या मेसेजला दोन पर्यायांसकट उत्तर द्यायचं.